इटली झाली, इटालियन राहिले

शहापूर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणतं? ठाणे जिल्ह्यातलं, आसनगाव स्टेशनवालं? की बेळगावातलं, जे मराठी बोलतं आणि कर्नाटकात राहतं? नाही, भंडाऱ्याचं. नागपूरहून निघालात की भंडारा यायच्या थोडं आधी, हायवेलाच लागून. मग समोरचा म्हणतो, "अच्छा, विदर्भातलं," आणि विषय तिथंच मिटतो. आपण कुणाला "मी महाराष्ट्रातला" असं सांगायला जातो आणि तो आपल्याला विदर्भात ठेवून मोकळा होतो.

हे दुःख जगात एका माणसाला पुरेपूर कळेल. तो म्हणजे इटालियन. तो परदेशात असतो तेव्हाच इटालियन असतो. घरी आला की तो नापोलीचा, मिलानचा किंवा पालेर्मोचा होतो, आणि गावात शिरला की वरच्या आळीचा की खालच्या, इथपर्यंत गोष्ट जाते. यासाठी त्यांच्याकडे शब्दच आहे: कांपानिलिझ्मो. कांपानिले म्हणजे चर्चचा घंटेचा मनोरा. ज्या मनोऱ्याची घंटा ऐकू येते तेवढाच आपला देश, बाकी सगळे परके. आपल्याकडे घंटेच्या जागी गावच्या मारुतीचं देऊळ घाला, बाकी काही बदलावं लागत नाही.

आता या लोकांचं वय किती? ते स्वतः अडीच हजार वर्षं सांगतील आणि पुराव्यादाखल कोलोसियम दाखवतील. पण इटली नावाचं राज्य जाहीर झालं १७ मार्च १८६१ रोजी. तोपर्यंत मुंबई-ठाणे गाडीला आठ वर्षं झाली होती. नागपूरला रेल्वे १८६७ साली पोचली. म्हणजे इटली नागपूरच्या रेल्वेपेक्षा सहा वर्षांनी मोठी, बस. त्यांचा तो सनातन टोमॅटोदेखील कोलंबसानंतर अमेरिकेतून आला. ज्युलियस सीझर टोमॅटो न बघताच गेला. (आपण फार हसू नये. सावजी रश्श्यातली मिरची त्याच अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेली.)

मग रोमन कोण होते? ते रोमन होते. इटलीतल्या बाकीच्या लोकांना ते सैन्यात घेत, लढाईत पुढे करत, आणि मतदानाचा विषय निघाला की दुसरीकडे बघत. अखेर इ.स.पू. ९१ मध्ये या बाकीच्यांनी बंड केलं. त्यांनी आपली वेगळी राजधानी केली, नाणी पाडली आणि नाण्यावर लिहिलं: इटालिया. एका नाण्यावर बैलाने लांडग्याला शिंगावर घेतलंय. लांडगा म्हणजे रोम, बैल म्हणजे हे लोक. 'इटालिया' नावाचा संबंध वासराशी जोडतात, म्हणून बैल. आमच्याकडच्या कुठल्याही शंकरपटाच्या पत्रिकेवर हे चित्र शोभून दिसेल. थोडक्यात, 'इटली' या नावाखाली लोक पहिल्यांदा एक झाले ते रोमच्याच विरोधात. बंड मोडलं, पण मोडता मोडता रोमला सगळ्यांना नागरिकत्व द्यावं लागलं. हरून मागणी पदरात पाडून घेण्याची ही पद्धत तिथे पुढे फार चालली.

४७६ साली पश्चिमेचा शेवटचा रोमन सम्राट गेला आणि त्यानंतर जवळपास चौदाशे वर्षं त्या बुटाच्या आकाराच्या भूमीवर जो आला त्याने पाय घातला. गॉथ, लोंबार्ड, अरब, नॉर्मन, स्पॅनिश, फ्रेंच, ऑस्ट्रियन, आणि मध्यभागी पोप. मधल्या वेळात गावं एकमेकांशी लढत. १३२५ साली मोडेना आणि बोलोन्या या शेजारी शहरांत लढाई झाली. मोडेनावाले जिंकले आणि परत येताना बोलोन्याच्या विहिरीवरची लाकडी बादली उचलून आणली. पुढे तासोनी नावाच्या कवीने या बादलीवर विनोदी महाकाव्य लिहिलं, त्यामुळे लोकांना वाटू लागलं की लढाईच बादलीसाठी झाली. खरं कारण पोप आणि सम्राट यांच्या भांडणाचं होतं. पण पोप-सम्राट कोणाच्या लक्षात राहतात? बादली राहते. मोडेनाने ती अजून जपून ठेवली आहे, परत दिलेली नाही.

अशा लोकांचा एक देश करायचं काम चार माणसांनी केलं, आणि चौघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

पहिला मॅझिनी. जेनोव्हाचा. १८३१ साली त्याने 'तरुण इटली' ही संघटना काढली, आयुष्यभर परागंदा राहिला, अनेक उठाव आखले आणि ते बहुतेक फसले. त्याला राजा नको होता, प्रजासत्ताक हवं होतं. दुसरा गॅरिबाल्डी. हा नीसचा, समुद्रावरचा माणूस. १८६० च्या मे महिन्यात हजारेक स्वयंसेवक घेऊन तो सिसिलीत उतरला आणि काही महिन्यांत दक्षिणेचं अख्खं राज्य जिंकून बसला. तिसरा काव्हूर, पिएमाँतचा पंतप्रधान. त्याला इटालियनपेक्षा फ्रेंच सफाईने येई, आणि रोम-नापोली त्याने कधी पाहिलंच नाही. फ्रान्सची मदत मिळवण्याच्या सौद्यात त्याने नीस देऊन टाकलं, म्हणजे गॅरिबाल्डीचं जन्मगावच. गॅरिबाल्डी इटली जिंकत होता तेव्हा त्याचं स्वतःचं गाव इटलीबाहेर गेलेलं होतं. चौथा राजा, व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा. तो इटलीचा पहिला राजा झाला तरी त्याने 'दुसरा' हे सोडलं नाही, कारण पिएमाँतच्या घराण्यात तो दुसरा होता. नव्या घराला जुन्या घराचा नंबर लावल्यासारखं. दक्षिणेतल्या लोकांना यातून जे समजायचं ते समजलं.

काव्हूरबद्दल एक गोष्ट मात्र भंडाऱ्यात सांगितलीच पाहिजे. तो धानाचा शेतकरी होता. लेरी नावाच्या गावी घराण्याची मोठी धानशेती होती आणि राजकारणात येण्याआधी ती तोच बघायचा. त्याच्या नावाचा कालवा आहे, ऐंशीहून जास्त किलोमीटर लांब, धानाला पाणी द्यायला. १८६३ ला खोदायला घेतला, १८६६ ला पाणी सोडलं. तीन वर्षं. आमच्या वैनगंगेवरच्या गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झालं. त्यांची सासुरवाडी त्याच काव्हूरच्या तुरीन शहराजवळची. तरी गुण लागला नाही. कालव्यांची कामं तीस वर्षांनंतरही चालूच होती.

त्या इटलीच्या धानपट्ट्यात रोवणीला आणि निंदणाला बायकाच असत. त्यांना 'मोंदिने' म्हणत. दूरदूरच्या गावांतून टोळ्यांनी येत, गुडघाभर पाण्यात वाकून दिवस काढत, गाणी म्हणत आणि मजुरीसाठी संप करत. आपल्याकडच्या रोवणीच्या बाया त्यांना बघताक्षणी ओळखतील, भाषेची गरज पडणार नाही.

तर १८६१ ला इटली झाली. काव्हूर तीन महिन्यांच्या आत वारला. गॅरिबाल्डी जिंकलेलं राज्य राजाच्या हवाली करून काप्रेरा बेटावर शेती करायला गेला, सोबत बियाण्याचं पोतं घेऊन, असं सांगतात. मॅझिनीला १८६६ साली लोकांनी खासदार म्हणून निवडून दिलं, तर संसदेने निवड रद्द केली, कारण त्याच्यावर जुनी फाशीची शिक्षा होती. १८७२ साली तो पिसा शहरात मेला तेव्हा ब्राऊन या इंग्रजी नावाने लपून राहत होता. ज्याने 'इटली' हा शब्द एका पिढीच्या तोंडी बसवला, तो इटलीत इंग्रज बनून मेला.

आणि नेमका हाच माणूस मराठीत अमर झाला. १९०६ साली लंडनला गेलेल्या सावरकरांनी मॅझिनीच्या लेखनाचं मराठी भाषांतर केलं. १९०७ साली ते इकडे छापून निघालं. प्रवास बघा: जेनोव्हाच्या माणसाचे विचार, इंग्रजीतून वाचलेले, लंडनमध्ये मराठीत उतरलेले. सरकारने पुस्तकावर बंदी घातली, तोवर पोरांनी प्रस्तावना पाठ केली होती. 'अभिनव भारत' या नावामागेही 'तरुण इटली'च होती. मॅझिनीत रामदास आणि गॅरिबाल्डीत शिवाजी महाराज पाहणं त्या पिढीला अवघड गेलं नाही. जेव्हा सिसिलीतल्या शेतकऱ्याला मॅझिनी कोण हे ठाऊक असण्याची शक्यता कमी होती, तेव्हा नाशिक-पुण्याची मुलं त्याच्या नावाने शपथा घेत होती.

१९०९ साली गांधी लंडनहून बोटीने दक्षिण आफ्रिकेला परतत होते. त्या प्रवासात त्यांनी 'हिंद स्वराज्य' लिहिलं आणि त्यात इटलीवर एक वेगळं प्रकरण घातलं. त्यांचा मुद्दा असा: मॅझिनी थोर, पण इटली झाल्यावर कष्टकऱ्याच्या वाट्याला काय आलं? राजा आणि त्याची माणसं म्हणजे इटली का? सावरकरांनी इटली कशी झाली ते विचारलं, गांधींनी झाल्यावर काय झालं ते. गंमत अशी की दोघांचा मॅझिनी एकच. मला स्वतःला गांधींचा प्रश्न जास्त टोचतो, कारण त्याचं उत्तर इतिहासात आहे आणि ते सुखाचं नाही.

दक्षिणेत काय झालं ते ऐका. नवा देश आला म्हणजे नवे कर आले आणि सक्तीची सैन्यभरती आली. लोक डोंगरात पळाले, तर उत्तरेने त्यांना दरोडेखोर ठरवून लाखभर सैन्य दक्षिणेत उतरवलं. परक्याशी लढायला नाही, नुकत्याच 'मुक्त' केलेल्या आपल्याच माणसांशी. १८६८ साली दळणावर कर बसवला. गिरणीच्या जात्याला मीटर लावायचं, फेरे मोजायचे आणि तेवढे पैसे वसूल करायचे. पिठावर कर म्हटल्यावर जे होतं ते झालं: देशभर दंगे. मग ज्यांना जमलं ते निघाले. १८७६ ते १९१५ या काळात जवळपास १ कोटी ४० लाख लोक इटली सोडून गेले. न्यूयॉर्क आणि ब्वेनोस आयरेसच्या धक्क्यावर उतरल्यावर कारकुनाने त्यांच्यापुढे 'इटालियन' लिहिलं. कित्येकांना आपण इटालियन आहोत हे तिथे कळलं.

आपल्या माणसांचंही थोडं असंच झालं, आणि तेही इटलीतच. १९४३ ते ४५ या काळात ब्रिटिशांच्या बाजूने सुमारे ५० हजार हिंदी सैनिक इटलीत लढले. ५,७८२ परत आले नाहीत. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. कोकणातला, देशावरचा, घाटावरचा, प्रत्येकाची बोली निराळी, पण फौजेच्या कागदावर सगळे 'मराठा'. रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात होते. तुकडीतले सगळे पडले तेव्हा ते एकटेच मशीनगनवर चालून गेले, ती गप्प केली आणि मग शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीने तिथेच पडले. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर होते. त्यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून उचलून आणलं, मशीनगनची ठाणी उडवली आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्यांना बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांच्या नावाने मोंतोने या गावात २०२३ साली छायाघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. ज्या मॅझिनीचं पुस्तक बाळगलं म्हणून इंग्रज इकडे घराची झडती घेत, त्याच्याच देशात इंग्रजांनी मराठी पोरं मरायला पाठवली, ही गोष्ट हसत सांगता येत नाही.

आणि ते गेले तेव्हा इटली तरी एक होती का? ८ सप्टेंबर १९४३ ला शरणागती जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी पहाटे राजा रोम सोडून पळाला. उत्तरेत जर्मनांच्या आधाराने मुसोलिनीचं राज्य, दक्षिणेत राजा आणि इंग्रज-अमेरिकन, आणि दोन्हीकडे इटालियन बंदुका घेऊन. पुढे २ जून १९४६ ला राजा हवा की नको यावर मतदान झालं. 'नको'ला सुमारे ५४ टक्के. उत्तर म्हणाली नको, दक्षिण म्हणाली असू द्या. शेवटचा राजा गादीवर बसला होता जेमतेम महिनाभर. लोक त्याला 'मे महिन्याचा राजा' म्हणतात.

राजधानीचं भांडण नागपूरकरांना विशेष आवडेल. आधी राजधानी तुरीन. १८६४ साली ती फिरेंझेला न्यायचं ठरलं तर तुरीनमध्ये लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात पन्नासहून जास्त माणसं मेली. १८७१ ला ती रोमला गेली. आमच्याकडे नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचं राजधानीपण सुटलं. त्याआधी १९५३ च्या नागपूर कराराने जी आश्वासनं दिली, त्यांतलं डोळ्यांना दिसणारं एक म्हणजे हिवाळी अधिवेशन. संत्र्यांच्या मोसमात मंत्री येतात, मोर्चे निघतात, थंडी वाढते, मंत्री जातात. इटलीने १९५० साली दक्षिणेसाठी खास निधी काढला, आपण विदर्भासाठी 'अनुशेष' हा शब्द काढला. फरक एकच: तिकडे फुटून निघायची भाषा श्रीमंत उत्तरेने केली. १९९६ साली उंबेर्तो बोस्सी नावाचा पुढारी पो नदीच्या उगमाचं पाणी बाटलीत घेऊन व्हेनिसला गेला आणि 'पादानिया' हा नवा देश जाहीर करून मोकळा झाला. वैनगंगेच्या पाण्याची बाटली घेऊन अजून कोणी मुंबईला गेलेलं नाही.

पण देश होणं म्हणजे काय, याची खरी कसोटी जिभेवर लागते. १८६१ मध्ये इटलीत इटालियन बोलणारे किती होते? तुलियो दे माउरो या भाषाअभ्यासकाने हिशेब केला: शंभरात अडीच. दुसऱ्यांनी ताणून तो दहापर्यंत नेला. बाकीचे सिसिलियन, व्हेनेशियन, नापोलितान, सार्डिनियन असं काहीबाही बोलत, आणि एकाचं दुसऱ्याला कळत नसे. 'इटली केली, आता इटालियन करायचे आहेत' या अर्थाचं वाक्य माजी पंतप्रधान दाझेलियोच्या नावावर सांगतात, ते यासाठीच. भाषा कोणती घ्यायची? फिरेंझेची, कारण दांते तिथला. मांझोनी हा कादंबरीकार मिलानचा. १८२७ साली त्याने आपली मोठी कादंबरी काढली, आणि मग ती फिरेंझेच्या बोलीत पुन्हा लिहायला घेतली. आपण आपले कपडे आर्नो नदीत धुवायला नेले, असं तो म्हणायचा. आर्नो फिरेंझेची नदी. १८४० च्या सुमारास धुतलेली आवृत्ती निघाली, आणि पुढच्या पिढ्यांनी शाळेत तीच वाचली.

आम्ही आमचे कपडे मुळा-मुठेत धुतले. प्रमाण मराठी म्हणजे पुण्याची, हे कुणी मतदान घेऊन ठरवलं नाही. झाडीबोलीत पाच अक्षरं नाहीत: ण, छ, श, ष, ळ. आम्ही 'पानी' म्हणतो आणि 'डोरा' म्हणतो. साकोलीकडचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, तिला व्याकरण आहे हे दाखवून दिलं. शाळेत मात्र एका गुरुजींच्या लेखी ती चूक होती. 'पानी' म्हटलं की छडी, 'पाणी' म्हटलं की प्यायला मिळायचं. मुसोलिनीच्या राज्यानेही शाळेतून आणि छापील मजकुरातून बोली हद्दपार करायचा प्रयत्न केला होता. छड्यांनी इटालियन झाले नाहीत. ३ जानेवारी १९५४ ला टीव्ही सुरू झाला आणि जे जमलं नव्हतं ते त्याने केलं. १९६० पासून, म्हणजे आपला महाराष्ट्र झाला त्याच वर्षापासून, आल्बेर्तो मांत्झी नावाचे मास्तर पडद्यावर खडू घेऊन मोठ्या माणसांना वाचायला-लिहायला शिकवत. लोक शेजाऱ्याकडे, दारूच्या गुत्त्यात, चर्चमध्ये जमून बघत. कुणाला छडी नव्हती.

किंमत मोजावी लागलीच. २०१५ च्या सरकारी पाहणीत घरात मुख्यतः बोलीच बोलणारे शंभरात चौदा उरले. १९९९ साली कायदा करून इटलीने १२ अल्पसंख्य भाषांना मान्यता दिली. त्यांत सार्डिनियन आहे, फ्रियुलियन आहे. लाखो लोक बोलतात त्या सिसिलियन आणि नापोलितान नाहीत. त्याच १९९९ मध्ये भंडाऱ्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला. झाडीबोली दोन्हीकडे सारखीच वाटली गेली, कारण तिची कुठे नोंदच नव्हती.

बोलीला एक जागा मात्र दोन्ही देशांनी कायम ठेवली: रंगमंच. जुन्या इटालियन मुखवट्यांच्या नाटकांत प्रत्येक सोंग आपापल्या गावाचं बोले. कंजूष म्हातारा व्यापारी व्हेनिसचा, पोकळ पंडित बोलोन्याचा, भुकेला नोकर बेर्गामोचा. आपल्या सिनेमात हवालदार आणि गडी वऱ्हाडी बोलतात ते याच हिशेबाने. पण एदुआर्दो दे फिलिप्पोने नापोलितान बोलीत घरातली दुःखं मांडली, आणि १९८१ साली त्याला तहहयात सिनेटर केलं गेलं. मान्यता नसलेल्या भाषेतला नाटकवाला संसदेत जाऊन बसला.

झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. वडसा-देसाईगंजला कंपन्यांची बुकिंगची दुकानं आहेत. दिवाळीनंतर मंडईच्या आणि शंकरपटाच्या गावोगाव तंबू लागतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं, आणि थंडीत घोंगड्या घेऊन माणसं बसून राहतात. बऱ्याच नाटकांत नायक-नायिका आजही प्रमाण मराठीत प्रेम करतात. 'पानी' मागतो तो विनोदी गडीच. पण तो आला की मागच्या रांगेतली झोपलेली पोरंसुद्धा उठून बसतात.